डावं पान

प्रिय पुटपुटी,

पाकिटावर तुझं खरं नाव घातलंय, पण आत हेच राहू दे. नऊ वर्षं झाली, तरी तुझ्यासाठी दुसरं कुठलं नाव माझ्या तोंडात बसत नाही. पत्ता शिडीने दिला, महिन्यापूर्वी. तुमच्या बॅचची ती उंचाडी आता आपल्याच वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर झाली आहे आणि अजूनही सलाइनची बाटली अडकवायला तिला टाचा उंचवाव्या लागत नाहीत. तिच्याकडून कळलं की तुझं लग्न झालं, तुझा नवरा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतो आणि तू पुढे बसून आलेल्या माणसांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतेस. हे ऐकून मी आधी हसले. मग शिडीसमोरच माझे डोळे भरून आले आणि तिने धावत जाऊन पाणी आणलं. तिला वाटलं, मॅडम म्हाताऱ्या झाल्या. झालेच आहे.

माझं विचारशील तर पुढच्या महिन्याच्या शेवटी मी रिटायर होते. गुडघे त्याआधीच झालेत. घरी मी आणि ताई, दोघीच. ताईला हल्ली फार कमी ऐकू येतं. आत्ता ती समोर मटार सोलत बसली होती आणि दर दहा मिनिटांनी विचारत होती, कुणाला लिहितेस गं एवढं. मी ओरडून सांगायची, जुन्या विद्यार्थिनीला. त्यावर ती म्हणायची, नशीबवान आहे पोरगी. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी कागद उचलून आतल्या खोलीत येऊन बसले.

तुला पत्र लिहावं असं आपल्यात काही उरलेलं नाही, हे मला कळतं. माझ्या हातून तुझी वही चौकशी समितीपुढे गेली आणि शेवटच्या परीक्षेला तीन महिने उरले असताना शाळेच्या पटावरून तुझं नाव काढलं. नर्स होण्यापलीकडे तुला आयुष्यात काही नको होतं. वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही असा शब्द मी दिला होता आणि तो मीच मोडला, एवढं तुला माहीत आहे. जे माहीत नाही ते सांगायला बसले आहे, आणि माझ्या खोडीप्रमाणे सुरुवातीपासून सांगणार आहे. वाचवेना झालं तर मध्येच ठेवून दे, मला राग येणार नाही. राग यायचा हक्क तरी कुठे आहे म्हणा.

पहिला वर्ग आठवतो? तुम्ही बावीस जणी, नव्या एप्रनच्या कडक घड्या, आणि प्रत्येकीपुढे एक कोरी वही. उजव्या पानावर आज काय केलं ते लिहायचं, डाव्या पानावर ते करताना डोक्यात काय चाललं होतं ते. उजवं पान कुणालाही येतं, मी म्हटलं होतं, डावं पान शिकायला तीन वर्षं लागतात. शिवाय प्रत्येक कामापुढे खात्री लिहायची, पूर्ण, अर्धी की पाव. तुम्ही माझं नाव खात्रीबाई पाडलंत हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं आणि खरं सांगते, मला ते आवडलं होतं. मला मनापासून वाटायचं की चूक हात करत नाही, हात बिचारा सांगितलेलं करतो. चूक त्याच्या आधीच डोक्यात कुठेतरी होऊन गेलेली असते, आणि ती जागा जिची तिला सापडली की तिला पुढे कुणी शिकवावं लागत नाही. हे मी कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. उमेदवारीच्या काळात मी स्वतः इतक्या शिव्या खाल्ल्या होत्या आणि एकीनेही कधी विचारलं नव्हतं की, बाई गं, तू हे करताना नक्की काय विचार करत होतीस? सगळ्या विचारायच्या, तुझं लक्ष कुठे होतं. त्याला उत्तर नसतं.

सुरुवातीची डावी पानं म्हणजे नुसता आनंदीआनंद. एकीने तीन दिवस ओळीने लिहिलं, भूक लागली होती. शिडीने लिहिलं, मॅडम बघत होत्या म्हणून नीट केलं. आणि तू दोन महिने पाठ्यपुस्तकातली वाक्यं सुवाच्य अक्षरात उतरवून काढलीस, खात्री पूर्ण, खात्री पूर्ण, खात्री पूर्ण. मी तुला बोलावून म्हटलं, हे पुस्तकाचं डोकं झालं, तुझं कुठाय? तू रडायलाच लागलीस. मग मी तुला एक युक्ती सांगितली, की काम करताना डोक्यातलं हळू आवाजात बोलत जा, म्हणजे तुझं तुलाही ऐकू येईल. तेव्हापासून तू पुटपुटायला लागलीस. पट्टी सोडताना, ताप बघताना, पलंगाची चादर ओढतानासुद्धा. नव्या पेशंटना वाटायचं की तू मनातल्या मनात त्यांना शिव्या घालतेस.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर तू ते वाक्य लिहिलंस. मला पान, ओळ, अक्षराचं वळण सगळं पाठ आहे. उजवीकडे होतं की सहा पेशंटच्या शिरेतली नळी सलाइनने धुतली. डावीकडे तू लिहिलं होतंस, "आज लक्षात आलं, मी कुपीवरचं लेबल वाचतच नाही. मी कप्पा वाचते. सलाइनच्या कप्प्यातून काढलं म्हणजे ते सलाइन. इतके दिवस खात्री पूर्ण लिहीत होते, ती कप्प्याची खात्री होती, माझी नव्हे." मी तोवर सतरा वर्षं शिकवत होते. इतकं खरं डावं पान मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. लाल पेन्सिलीने मी शेजारी लिहिलं, शाब्बास, सापडलं म्हणजे सुटलं. तीन आठवड्यांनी तुझी दुसरी ओळ आली, "आता वाचते. पण गडबड असली की पुन्हा कप्पाच." त्याखाली मी नुसती बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.

पुटपुटी, सापडलं म्हणजे सुटत नाही. तू मला ते स्पष्ट लिहून दिलं होतंस आणि मी त्यावर खूण करून मोकळी झाले. आपल्या पद्धतीचं मला एवढं कौतुक होतं की मुलीने स्वतःची सवय ओळखली, यातच मला सगळं आलं. धावपळीच्या सकाळी तिला त्या सवयीपासून वाचवायला कुणीतरी लागेल, कप्प्यावर कुणाची तरी नजर लागेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. उलट तुझ्या ओळीवर मी एक तास बसवला.

तो तास तुला कधी कळलाच नाही, कारण तो पहिल्या वर्षाच्या मुलींचा होता आणि तू तेव्हा तिसऱ्या वर्षाला, वरच्या मजल्यावर ड्यूटीला. सलाइनच्या कुप्या वॉर्डातल्या उघड्या कप्प्यात असतात आणि पोटॅशियमच्या कुलूपबंद कपाटात, सही करून काढायच्या. का, ते तुला मी काय सांगणार. पातळ करून थेंबाथेंबाने दिलं तर जीव वाचवणारं औषध, तसंच शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. आणि दोन्ही कुप्या सारख्याच उंचीच्या, सारख्याच पारदर्शक प्लास्टिकच्या, दोन्हींवर निळी अक्षरं. मी दोन्हींच्या दहा-दहा खाली वर्गात नेल्या, एका ट्रेमध्ये मिसळल्या आणि एकेकीला बोलावून सांगितलं, वीस सेकंदांत सलाइनच्या पाच उचल आणि खात्री लिही. एकोणीसपैकी अकरा मुली चुकल्या. त्या अकरांतल्या नऊ जणींनी लिहिलं होतं, पूर्ण. चुकलेल्या मुली हातातल्या कुप्या पुन्हा पुन्हा वाचायला लागल्या, तेव्हा मला धन्य वाटलं. हे तुम्हाला आयुष्यभर लक्षात राहील, असं मी त्यांना सांगितलं. मनात तुझीही आठवण काढली, की बघ, तुझ्या एका ओळीवर अख्खा तास उभा राहिला.

तास संपायच्या आत प्राचार्यांचं मीटिंगचं बोलावणं आलं. मी ट्रे घेऊन वर गेले, दहा कुप्या कप्प्यात टाकल्या, दहा कपाटात ठेवल्या. रजिस्टरमध्ये लिहिलं, घेतल्या दहा, परत दहा, आणि सही केली. मोजल्या गं मी. वाचल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशीची सकाळ तुला मी सांगायला नको, पण मला जे माहीत आहे ते सांगू दे. सात नंबरवर कुलूपवाले काका होते, कुलूप-किल्ल्यांचं दुकान असलेले. पायाची जखम भरत आली होती, दुसऱ्या दिवशी घरी जायचे होते. औषधाच्या कपाटाकडे बघून ते तुम्हाला चिडवायचे, की असलं कुलूप मी केसांच्या पिनेने उघडीन. त्या सकाळी दोन मुली रजेवर होत्या, अकरा नंबरचे आजोबा पलंगावरून पडले, ज्यांनी तुझ्यासोबत उभं राहायला हवं होतं त्या वॉर्डच्या सिस्टर तिकडे धावल्या, आणि जाता जाता तुला म्हणाल्या, सातची नळी तेवढी धुऊन घे. तू कप्प्यातून कुपी काढलीस. आठ नंबरच्या पेशंटने समितीला सांगितलं की तू नेहमीसारखी पुटपुटत होतीस, सलाइन, दहा मिली, सात नंबर. तो खोटं बोलतोय, तुला वाचवतोय, असं सगळ्यांना वाटलं. मला मात्र तो खरं बोलतोय हे तिथल्या तिथे कळलं. तू पुटपुटली असणारच. तोंड हातातलं वाचत नव्हतं, मनात आधीच ठरलेलं वाचत होतं. ती युक्तीसुद्धा तुला मीच दिली होती.

काकांची बायको बाहेर बाकावर बसली होती. घरी जायचं म्हणून तिने त्यांचे बूट पॉलिश करून आणले होते आणि ते तिच्या मांडीवर होते. तिला आत बोलावलं तेव्हा ती बूट घेऊनच आत आली.

आता पुढचं. दुपारी सगळे ऑफिसात आणि सात नंबरपाशी होते तेव्हा मी कुलूपबंद कपाट उघडलं. पोटॅशियमच्या डब्यात मी ठेवलेल्या दहा कुप्या वरच होत्या. या वेळी वाचल्या. सहा पोटॅशियमच्या, चार सलाइनच्या. म्हणजे चार पोटॅशियमच्या उघड्या कप्प्यात गेल्या होत्या. त्यातली एक तुझ्या हाती आली, तीन नंतर समितीला सापडल्या. मी सलाइनच्या त्या चार कुप्या एप्रनच्या खिशात घातल्या, वॉर्डातून सगळ्यांसमोरून चालत बाहेर पडले, घरी येऊन बेसिनमध्ये रिकाम्या केल्या आणि साबणाने हात धुतले. ताई विचारत होती, आज लवकर कशी? मी म्हटलं, डोकं दुखतंय. खरंच दुखत होतं.

रजिस्टरात माझी सही स्वच्छ होती. म्हणून समितीने धरलं की कुणीतरी नोंद न करता चार कुप्या काढल्या आणि चुकीच्या कप्प्यात टाकल्या. ते कुणीतरी कोण, हे त्यांनी आणखी आठवडाभर शोधलं असतं तर माझ्यापर्यंत यायला वेळ लागला नसता, कारण पहिल्या वर्षाच्या एकोणीस मुलींनी तो ट्रे पाहिला होता. मला रात्रंदिवस तीच धास्ती होती. तेवढ्यात कुणाच्या तरी बोलण्यात वह्यांचा विषय निघाला आणि अध्यक्षांनी मला विचारलं, त्या मुलीची काही वही आहे म्हणे? मी नाही म्हणू शकत होते. ती खाजगी आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, माझा तेवढा दबदबा होता. मी म्हटलं, आणते.

त्या खोलीत तू माझ्यासमोर बसली होतीस. अध्यक्ष पानं उलटत होते, त्यांना तुझं बारीक अक्षर लागत नव्हतं. मी हात पुढे केला आणि पान काढून दिलं. हे तू पाहिलंस. वेळ वाचावा म्हणून बाईंनी मदत केली, असं तुला तेव्हा वाटलं का, की तेव्हाच सगळं कळलं, हे मी नऊ वर्षं स्वतःला विचारते आहे. त्यांनी ओळ मोठ्याने वाचली, मी कप्पा वाचते. मग चष्मा काढून म्हणाले, हा तर कबुलीजबाबच झाला. माझ्या लाल शाब्बासकीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, मुलींनी प्रामाणिक असावं म्हणून मी उत्तेजन देते. हे मी बोलले, पुटपुटी, तुझ्यादेखत. तू त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. माझ्याकडेच बघत होतीस, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे. वही मिळाल्यावर बाकी कशाची कुणाला गरज उरली नाही. वॉर्डच्या सिस्टरना ताकीद मिळाली, तुझं नाव कापलं गेलं, आणि मला आठवडाभराने नीट झोप लागली. लागली, खोटं कशाला बोलू.

पुढे जे झालं ते ऐकून तू हसशील. आपली वही गाजली. आता सगळ्या प्रशिक्षण शाळांत ती छापील मिळते, डाव्या पानाच्या तळाशी शिक्षिकेच्या सहीसाठी चौकट आहे आणि महिनाअखेर त्यावर शिक्का बसतो. मला व्याख्यानांना बोलावतात, शाल देतात, मी जाऊन बोलतेही. आणि मुली लिहितात, मी एकाग्र होते. मी लेबल तीन वेळा वाचलं. खात्री पूर्ण. वर्षानुवर्षं, सगळ्या जणी, तेच. मला वाटायचं हल्लीच्या पोरी आळशी झाल्या. गेल्या महिन्यात पहिल्या वर्षाच्या एका मुलीने डावं पान सबंध कोरं ठेवून वही माझ्या टेबलावर ठेवली. मी चिडून विचारलं, डोक्यात काहीच नव्हतं का? ती घाबरली नाही. म्हणाली, "होतं की मॅडम, खूप होतं. पण डाव्या पानापायी एका मुलीला काढून टाकलं होतं ना? आम्हाला सीनियर पहिल्याच दिवशी सांगतात, तिथे खरं लिहायचं नाही." मी वही मिटून तिला परत दिली, आणि त्याच दुपारी शिडीला गाठून तुझा पत्ता मागितला. तो तेव्हापासून पर्समध्ये पडून होता.

गेल्या मंगळवारी मी नर्सिंग कौन्सिलला सगळं लेखी दिलं. तो तास, त्या चार कुप्या, बेसिन, वही, मी काढून दिलेलं पान. माझं जे व्हायचं ते होईल. तुला पुन्हा पटावर घेतील का, ते मला कुणी सांगू शकलं नाही, आणि तुला आता ते हवंच असेल असंही मी धरून चालत नाही. आठवडाभरात त्यांचं पत्र तुझ्या दुकानात येईल. त्यांचा निकाल लागला की मग तुला लिहावं, असं मी ठरवलं होतं. त्याच्या आत फक्त कुलूपवाल्या काकांच्या बायकोला तोंड दाखवून यायचं होतं, म्हणून आज सकाळी तिच्याकडे गेले. दुकान आता ती चालवते. मी गेले तेव्हा ती किल्ली घासत होती, मला बघून मशीन बंद केलं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. माझं संपल्यावर तिने विचारलं, "त्या पोरीला सांगितलंत?" मी म्हटलं, अजून नाही, निकाल लागला की लिहिणार आहे. तिने हातातली किल्ली खाली ठेवली. म्हणाली, "नऊ वर्षं मी तिला शिव्याशाप दिलेत. रोज. आणि ती बिचारी तेच खरं धरून बसली असेल. आधी तिच्याकडे जायचं सोडून इथे काय करताय?" आणि तिने मशीन पुन्हा सुरू केलं.

तुझीच,
मॅडम